पेटीचा आवाज गेला कुठे?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत सलग दोन पानं लिहायची वेळ दहावीनंतर पहिल्यांदाच आली आहे. संपादक मंडळाने "मराठी विभागासाठी काहीतरी दे" म्हणून मेसच्या दारात गाठलं, तेव्हा पळायला जागा नव्हती. कविता मला जमत नाही, प्रवासवर्णन लिहावं तर सबमिशनमुळे लॅब ते हॉस्टेल एवढाच प्रवास झालेला. म्हणून जे खरंच केलं आणि ज्यात खरंच आपटले, तेच लिहिते. शुद्धलेखन रूममेटने तपासलंय. उरलेल्या चुका पोटात घाला!

तर गोष्ट यंदाच्या गॅदरिंगची. आमच्या हॉस्टेलचं समूहगीत होतं. गाणाऱ्या अकरा जणी, आणि मागे वाजणारा ट्रॅक कॉम्प्युटरवर तयार करायचं काम माझ्याकडे. पियानो मी वाजवणार होते (सिस्टरांच्या छड्या खाऊन शिकलेला एकमेव उपयोगी विषय). पेटी मात्र वाजवणार होते आमच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधले काका. लॅबमध्ये मल्टिमीटर देणारे, वायर परत केली नाही तर रजिस्टरमध्ये नाव लिहिणारे काका गावच्या भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवतात, हे आम्हाला यंदाच कळलं. आणि येत्या मे महिन्यात ते निवृत्त होतायत, म्हणजे हे त्यांचं शेवटचं गॅदरिंग. "काका, तुम्ही वाजवाच" असा आम्ही हट्टच धरला.

आता खरी पेटी माईकवर रेकॉर्ड का नाही केली? दोन कारणं. एक, आमच्याकडचा माईक पेटीपेक्षा पंखाच जास्त छान रेकॉर्ड करतो. दोन, गाणाऱ्यांची पट्टी ठरेना. आज काळी एक, उद्या काळी दोन. मिडीमध्ये रेकॉर्ड केलं तर नंतर पट्टी हवी तशी बदलता येते. म्हणून एका सिनियरचा चार सप्तकांचा यूएसबी कीबोर्ड उसना आणला, लॅपटॉपवर एलएमएमएस हे फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर टाकलं, आणि काकांनी एका संध्याकाळी सगळी पेटी वाजवून दिली.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये ट्रॅक लावला. पियानो ऐकू येतोय, तबला ऐकू येतोय, पेटी गायब! काका पहिल्या रांगेत बसले होते. काही बोलले नाहीत, फक्त कानामागे हात धरून ऐकत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी आधी काय चुकीचं केलं

चूक नंबर एक. मी मास्टर व्हॉल्यूम वर ओढला. पेटी थोडी वर आली, पण तबलाही तेवढाच वर आला आणि फाटायला लागला. टीईच्या मुलामुलींना सांगायला नको, ऑप-अँपला सप्लायच्या पलीकडे जायला लावलं की साइन वेव्हचं डोकं सपाट होतं, तसंच हे. डिजिटल आवाजाला वरची एक मर्यादा असते. तिच्यावर गेलेलं सगळं कापलं जातं, आणि कापलेलं नंतर परत मिळत नाही.

चूक नंबर दोन जास्त हुशारीची होती. एलएमएमएसमध्ये प्रत्येक वाद्याच्या खिडकीत मिडीचा एक टॅब असतो. तिथे बेस व्हेलॉसिटी नावाचा आकडा आहे. तो मुळात ६३ असतो. मला वाटलं, सापडला चोर! सगळ्या वाद्यांना तो १२७ करून टाकला. व्हायोलिन जोरात, बेस जोरात, पेटीसुद्धा थोडी वर. मी खूश. पण माझाच पियानो ऐकला आणि चेहरा पडला. हळुवार वाजवलेली जागा आणि ठोकून वाजवलेली जागा, दोन्ही एकसारख्या. कोणीतरी टाइपरायटर बडवतंय असं वाटत होतं.

रात्री साडेआठची हजेरी देऊन रूमवर आले आणि ठरवलं, आता बटणं फिरवायची नाहीत. आधी समजून घ्यायचं.

मिडीमध्ये आवाज नसतोच

सगळा घोळ इथेच होतो. स्क्रीनवर दोन ट्रॅक शेजारी शेजारी दिसतात, म्हणून आपण दोन्ही सारखे समजतो. ऑडिओ ट्रॅक म्हणजे ताटात वाढलेले पोहे. मिडी ट्रॅक म्हणजे मेसच्या फळ्यावर लिहिलेलं "पोहे". ते वाचून पोहे करणारा वेगळाच, आणि तिखट किती पडणार हेही बरंचसं त्याच्याच हातात!

मिडी हे मानक १९८३ सालचं. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरने जोडून दाखवले, एक वाजवला की दुसराही वाजला. या कामासाठी डेव्ह स्मिथ आणि रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. मूळ वायरवर वेग होता सेकंदाला ३१,२५० बिट. एक स्वर सुरू करायचा निरोप तीन बाइटचा: कोणत्या चॅनलवर, कोणता स्वर, आणि पट्टी किती वेगाने दाबली. या तिसऱ्या आकड्याला व्हेलॉसिटी म्हणतात. सात बिट असल्यामुळे तो ० ते १२७ मध्ये बसतो, आणि स्वर सुरू करताना ० चा अर्थ "स्वर बंद कर" असा घेतात.

म्हणजे "पेटीचा आवाज कमी आहे" असं आपण म्हणतो तेव्हा खरा प्रश्न असा असतो: निरोप दुबळा आहे, की निरोप वाचणारा, की त्याच्या पुढचा रस्ता? काकाच लॅबमध्ये शिकवतात ना, सर्किट चालत नसेल तर सप्लायपासून एकेक टप्पा मोजत या, शेवटच्या एलईडीला शिव्या देऊ नका. तेच मी इथे केलं.

एकेक टप्पा मोजताना

पहिला टप्पा, स्वर. पियानो रोल उघडला की प्रत्येक स्वराखाली एक उभी दांडी दिसते. ती एलएमएमएसमध्ये टक्क्यांत असते, ० ते २००. वाद्याला आकडा पाठवताना टक्के गुणिले बेस व्हेलॉसिटी भागिले १०० असा हिशोब होतो. माउसने काढलेला नवा स्वर साधारण १०० टक्क्यांचा असतो, म्हणजे वाद्याला मिळतात फक्त ६३. कीबोर्डवरून वाजवलं की उलटा हिशोब होतो: तुम्ही ९५ च्या जोराने वाजवलं तर दांडी १५० टक्के दिसते, आणि वाजताना पुन्हा ९५ च पाठवले जातात. म्हणून एकाच गाण्यात हाताने वाजवलेलं दणदणीत आणि माउसने काढलेलं मरगळलेलं, असं होऊ शकतं. असं दिसलं तर बेस व्हेलॉसिटीकडे बघा.

आता माझी चूक नंबर दोन कळली का? पियानोची दांडी १५० टक्के असताना मी बेस १२७ केला. हिशोबाने झाले १९०. पण मिडी १२७ च्या वर जाऊच शकत नाही, म्हणून सगळे स्वर १२७ वरच अडकले. हळू आणि जोरात यातला फरकच संपला. नशिबाने दांड्या तशाच होत्या, बेस परत ६३ केला आणि पियानो परत माणसात आला. धडा असा की बेस बदलायचा असेल तर पहिला स्वर रेकॉर्ड करायच्या आधी बदला, मध्येच नको.

मग काकांच्या पेटीच्या दांड्या बघितल्या. ५७ टक्के, ५५ टक्के, ६० टक्के... सगळीकडे तेच. ५७ टक्के म्हणजे वाद्याला मिळाले ३६. इथे तुम्ही म्हणाल, ६३ च्या निम्म्याहून जास्तच आहे की! पण साउंडफॉन्ट फाइलचा ठरलेला नियम असा आहे की अँप्लिट्यूड व्हेलॉसिटीच्या वर्गाच्या प्रमाणात जातो (फाइल बनवणाऱ्याने मुद्दाम बदललं नसेल तर). १२७ ला १ धरलं, तर ६३ ला सुमारे ०.२५. म्हणजे व्हेलॉसिटी निम्मी झाली की अँप्लिट्यूड पाव, सुमारे १२ डेसिबलची घट. ३६ ला तर फक्त ०.०८! मूळ सॅम्पल सारख्याच आवाजाची धरली, तर माझी व्हायोलिनं पेटीच्या तिप्पट आणि पियानो सातपट होता. पेटी बिचारी दिसणार कुठून?

पण काका इतकं हळू का वाजवतात?

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेले आणि त्यांना दांड्या दाखवल्या. म्हटलं, "काका, तुम्ही फार हळू दाबलंय. परत वाजवता का? जरा जोरात?"

काका हसले. म्हणाले, "पोरी, पेटीची पट्टी जोरात दाबून काय होतंय? आवाज भात्यात असतो."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! पियानोत पट्टी जोरात मारली की हातोडा तारेवर जोरात आदळतो, म्हणून आवाज मोठा. पेटीत पट्टी फक्त हवेची वाट उघडते. आवाज लहान-मोठा करतो डावा हात, भाता मारून. तीस वर्षं वाजवलेला माणूस पट्टीवर उगाच जोर का लावेल? बोटं हलकीच ठेवायची, तर ताना निघतात. म्हणजे काकांनी अगदी बरोबर वाजवलं होतं. ते मोजणारा कीबोर्ड पियानोच्या हिशोबाने बनलेला होता! त्यांचा डावा हात त्या संध्याकाळी मांडीवर रिकामा पडला होता, हे मी स्वतः पाहिलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही, एवढंच.

मिडी बनवणाऱ्यांनी भात्याची सोय मात्र करून ठेवली आहे. व्हेलॉसिटी फक्त स्वर सुरू होताना एकदाच जाते. स्वर चालू असताना आवाज बदलायला कंट्रोल चेंज नावाचे वेगळे निरोप आहेत. त्यातला ७ नंबर म्हणजे चॅनलचा व्हॉल्यूम, आणि ११ नंबर म्हणजे एक्स्प्रेशन. ७ नंबरने वाद्य एकंदरीत किती मोठं ते ठरवायचं, ११ नंबरने गाण्याच्या ओघात चढउतार करायचे. माझ्या भाषेत ११ नंबर म्हणजेच भाता. पण दोन्हींचा परिणाम एकत्र होतो, हे विसरू नका. नेहमीच्या हिशोबाप्रमाणे ७ नंबर ६४ वर असेल तर सुमारे १२ डेसिबल गेले, त्यात ११ नंबरही ६४ वर राहिला तर आणखी १२. वाद्य जवळजवळ पुसलंच जाणार.

आम्ही एलएमएमएसमध्ये सोपा मार्ग घेतला. आधी काकांच्या सगळ्या स्वरांच्या दांड्या १५९ टक्क्यांवर नेल्या, म्हणजे वाद्याला सरसकट १०० जातात. पियानोला हे केलं असतं तर खून झाला असता. पेटीला चालतं, कारण खऱ्या पेटीतही पट्टीच्या जोराला किंमत नसते. मग पेटीच्या व्हॉल्यूमच्या नॉबसाठी ऑटोमेशन ट्रॅक घेतला. तिथे वेळेप्रमाणे नॉब कसा वरखाली जावा याची रेघ काढता येते.

ती रेघ काढली काकांनी. म्हणजे माउस माझ्या हातात होता, पण काका शेजारी स्टुलावर बसून ट्रॅक ऐकत डाव्या हाताने हवेत भाता मारत होते. हात आत गेला की मी रेघ वर न्यायची, बाहेर आला की खाली. कडव्याच्या शेवटी हात अगदी हळू होऊन थांबला, तिथे मी रेघ हळूहळू खाली आणली. "अजून थोडी दम खाऊ दे" म्हणाले, ती जागा तीनदा काढली. दोन तास गेले. जर्नलवर सह्या घ्यायला आलेल्या मुली दारात उभ्या राहून ऐकत होत्या!

पुढच्या वेळी रेकॉर्ड करताना मात्र मी आधीच सेटिंग करणार आहे. त्याच मिडी टॅबमध्ये येणाऱ्या स्वरांसाठी ठरावीक व्हेलॉसिटी देता येते. पेटी किंवा ऑर्गन वाजवणाऱ्यासाठी ती १०० ठेवायची. मग बोटं कितीही हलकी असली तरी फरक पडत नाही.

तुमच्यासाठी यादी (कापून भिंतीवर लावायला हरकत नाही)

१. ट्रॅक हळू आहे की पूर्ण गप्प, ते आधी ठरवा. पूर्ण गप्प असेल तर तो वेगळा आजार आहे: म्यूट, साउंडफॉन्ट लोड न होणं, चुकीचा चॅनल.

२. तो ट्रॅक सोलो करून ऐका. सोलोमध्ये छान वाटतोय आणि सगळ्यांबरोबर हरवतोय, तर दोष त्याचा नाही. त्याच सप्तकात दुसरं कोणीतरी गोंगाट करतंय. एकाला वाढवण्यापेक्षा दुसऱ्याला थोडं कमी करा, किंवा एखादं वाद्य वरच्या-खालच्या सप्तकात हलवा.

३. हेडफोन लावून बघा. ५५ हर्ट्झचा बेस लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरला झेपतच नाही. तो तिथे ऐकू आला नाही म्हणून वाढवाल, आणि हॉलमध्ये खिडक्या थरथरतील.

४. स्वरांच्या व्हेलॉसिटी बघा. माउसने काढलेले आणि हाताने वाजवलेले यात फरक आहे का? एलएमएमएस असेल तर बेस व्हेलॉसिटी बघा.

५. नेटवरून घेतलेली मिडी फाइल असेल तर तिच्यात व्हॉल्यूमचे निरोप आधीच भरलेले असतात. तुम्ही नॉब वर करता, प्ले दाबलं की तो आपोआप खाली येतो. भूतबाधा नाही, ऑटोमेशन आहे. ते पुसा किंवा बदला.

६. वाद्याचा स्वतःचा गेन बघा. साउंडफॉन्ट वाजवणारं फ्लुइडसिंथ हे इंजिन वेगळं वापरलं तर त्याचा गेन मुळात ०.२ च असतो. खूप स्वर एकदम आले तरी आवाज फाटू नये म्हणून. ते बिघाड नाही, सावधगिरी आहे.

७. ऑर्केस्ट्राच्या बऱ्याच मोठ्या लायब्रऱ्यांमध्ये लांब स्वरांचा जोर मॉड्युलेशन व्हीलवर, म्हणजे कंट्रोल १ वर असतो. चाक तळाशी राहिलं असेल तर व्हेलॉसिटी १२७ करूनही व्हायोलिनं कुजबुजतच राहतील.

८. मग मिक्सरचं चॅनल. आणि सगळ्यात शेवटी, अगदीच राहवलं नाही तर, मास्टर.

रीपर, क्यूबेस किंवा दुसरं काही वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, आणि बेस व्हेलॉसिटीचा प्रकार कदाचित दिसणार नाही. पण स्वर, कंट्रोल, वाद्य, मिक्सर, मास्टर ही साखळी तीच. आवाज जिथे पडला तिथेच उचला. पुढच्या टप्प्यावर उचलायला गेलात तर बरोबर नको ते सगळं उचललं जातं.

आणि गॅदरिंगला?

गॅदरिंगला पेटी ऐकू आली. मास्टरला हात न लावता. अकरा जणींपैकी दोघी दुसऱ्या कडव्यात बेसूर झाल्या, त्याला माझ्याकडे सेटिंग नाही. मी साउंडच्या टेबलामागे होते, तिथून काका दिसत होते. पहिल्या कडव्याआधी पेटी एकटीच वाजते, त्या जागी त्यांचा डावा हात खुर्चीच्या हातावर हळूच हलायला लागला.

नंतर भेटले तेव्हा म्हणाले, "आता माझी वाटते." बस, एवढंच. मग विचारलं, "तो उसना कीबोर्ड सिनियरला परत केलास ना? नाहीतर रजिस्टरमध्ये नाव लिहीन."

केला हो काका, केला!

मेच्या आधी काकांची खरी पेटी रेकॉर्ड करायची असा आमचा बेत आहे. पंखा बंद करून, भात्यासकट. कोणाकडे बरा माईक असेल तर मेसमध्ये गाठा. वायर परत करायची हमी माझी.